मुंबईहून आलेला गरम बोर्ड

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमचा व्यवसायातला प्रवास लिहा." माझा प्रवास पालघर ते बोईसर एवढाच आहे, मध्ये एक उमरोळी लागते. त्यावर पानं भरणार नाहीत. म्हणून प्रवास बाजूला ठेवते आणि आमच्या दुकानात खिळ्याला टांगलेल्या एका यादीबद्दल लिहिते.

यादीचं नाव 'बोर्ड छापण्याआधी'. तिच्यात एकवीस मुद्दे आहेत. त्यांतले दोन खोडलेले आहेत आणि दोन्हींपुढे एका बर्फवाल्याची सही आहे. सर्किट बोर्डाच्या दुकानात बर्फवाल्याची सही काय करते, हे गिऱ्हाईकं विचारतात. एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी अंकच पुढे करता येईल.

आधी धंदा काय ते सांगते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रं आहेत, प्रत्येक यंत्राला एक पेटी आहे आणि पेटीत एक पाटी. पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा आणि त्या रेघांना जोडलेले पार्ट. हा बोर्ड. तो जळला की यंत्र बंद. यंत्र बनवणारी कंपनी म्हणते, ते मॉडेल आता येत नाही, नवीन यंत्र घ्या. आम्ही म्हणतो, जळका बोर्ड घेऊन या. त्याच्यावरून तसाच नवा करून देणं, हे आमचं काम.

आम्ही म्हणजे मी आणि हरेश्वर. दोघं एकाच कारखान्यात होतो. मी स्टोअर्समध्ये, तो यंत्रांच्या मीटर-पेट्या दुरुस्त करायचा. कारखाना गुजरातला गेला, आम्ही गेलो नाही. हरेश्वर किनाऱ्यावरचा, जाळी विणणाऱ्या घरातला. एका जागी बसून गाठीमागून गाठ मारायची सवय त्याच्या बोटांत आहे, आणि डाग देण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, कामाला तीच लागते. मला लागते ती सवय वेगळी. मी याद्या करते.

बोर्ड कसा होतो ते समजायला मेंदी आठवा. मेंदी जिथे लागते तिथे रंग चढतो. इथे शाई जिथे लागते तिथे तांबं वाचतं. एका बाजूने तांब्याचा पत्रा चिकटवलेली फायबरची पाटी घ्यायची, तिच्यावर हव्या त्या रेघा शाईने छापायच्या आणि पाटी फेरिक क्लोराईडच्या तपकिरी पाण्यात हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. मग शाई पुसायची, भोकं पाडायची, उलट बाजूने पार्ट घालून त्यांचे पाय तांब्याला डागायचे. वापरलेलं पाणी गटारात जात नाही, कॅनमध्ये साठवून कचरा नेणाऱ्या अधिकृत गाडीला देतो. हा मुद्दा वीस.

सुरुवातीला आम्ही रेघा इस्त्रीने उमटवायचो. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने चित्र काढायचं, कागद तांब्यावर पालथा घालायचा आणि वरून इस्त्री दाबायची. इस्त्री हरेश्वरच्या घरची होती. त्याच्या बायकोने दोनदा सांगून तिसऱ्यांदा स्वतः येऊन नेली. शिवाय बारीक रेघ इस्त्रीखाली कधी फिसकटायची, कधी तुटायची. तेव्हा हरेश्वरने ठरवलं, शाई थेट तांब्यावरच छापायची.

सालवडच्या भंगारवाल्याकडून त्याने एक शाईचा प्रिंटर आणला. प्रिंटरमध्ये कागद वाकून जातो, फायबरची पाटी वाकत नाही. म्हणून त्याने प्रिंटरची पाठ कापून काढली, पाटी सरळ आत शिरेल अशी वाट केली आणि शाई सोडणारं डोकं चार वॉशर घालून उचललं. पाटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवून आत ढकलायची. कागद आला की नाही हे बघायला आत एक छोटा डोळा असतो. त्या डोळ्यापुढे पुठ्ठ्याची पट्टी धरायची. प्रिंटर बिचारा समजतो, कागद आला. छापलेली शाई मग छोट्या भट्टीत भाजायची, म्हणजे ती तपकिरी पाण्यात टिकते.

हे सगळं पडद्यामागे चालायचं. तो जाड, जांभळ्या रंगाचा पडदा मी स्वतः शिवला होता. यादीतला मुद्दा एक असा होता: 'गिऱ्हाईकाला पडद्याआड येऊ न देणे.' त्याचं कारण आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. प्लास्टिकच्या एका कारखान्याचा मॅनेजर. बोर्ड हातात घेऊन त्याने विचारलं, "कुठे बनवला?" मी अभिमानाने म्हटलं, "इथेच, आत." त्याने बोर्ड टेबलावर ठेवला, पापड ठेवावा तसा, अलगद. "मॅडम, घरगुती माल मशीनला नाही लावता येत." आठ दिवसांनी तोच बोर्ड मी बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून त्याला पाठवला आणि म्हटलं, मुंबईहून मागवला. तो म्हणाला, "बघा, किती फरक आहे." त्याच्या मशीनमध्ये तो अजून चालतो. हा अंक त्याच्या हाती लागला तर त्याने कृपया फोन करू नये.

तेव्हापासून आमचे कोरे बोर्ड मुंबईहून यायला लागले. जोडकाम आमचं, पाटी मुंबईची, असं सांगायचं. हरेश्वरने कोपऱ्यात तांब्याच्याच अक्षरांत 'एच. एस. रिव्हिजन फोर' असं इंग्रजीत घालायला सुरुवात केली. एच म्हणजे हरेश्वर, एस म्हणजे मी, सुनंदा. पहिल्या तीन रिव्हिजन कधी झाल्याच नाहीत, पण चौथी म्हटलं की माणसं मान डोलावतात.

खोटं सांभाळणं कष्टाचं असतं. भट्टी पूर्वी माझ्या घरी नानखटाईला होती. तिच्यात चाचणीची शाई भाजली की पहिले काही दिवस तूप-साखरेचा वास यायचा. रंगाईच्या कारखान्यातला एक ऑपरेटर नाक वर करून म्हणाला, "भाभी, पीछे नानखटाई बनाते हो क्या?" मी म्हटलं, हो. त्याने गावी न्यायला एक किलोची ऑर्डर दिली. शाई भाजलेल्या भट्टीत खाण्याचं काही करायचं नाही, हा मुद्दा अकरा. त्यामुळे मला घरी कढई आणि वाळू घेऊन नानखटाई करावी लागली. गाववाल्यांना आवडली म्हणून त्याने परत मागितली. मी सांगितलं, कारागीर गावी गेला.

आता बर्फवाला. रघुकाका किनाऱ्यावरच्या एका बंदरात बर्फाचा छोटा कारखाना चालवतात. पावसाळी मासेमारीबंदी उठली की होड्या पहिल्यांदा समुद्रात निघतात, आणि बर्फ भरल्याशिवाय होडी निघत नाही. बर्फ नसेल तर पकडलेली मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत नासते. ऐन त्या हंगामात काकांच्या कॉम्प्रेसरचा बोर्ड जळला. दुपारी ते तो फडक्यात बांधून घेऊन आले.

"बाय, परवा पहाटे होड्या सुटतात. टाकीतला बरफ अरधा जमलाय. उद्या सांजेपर्यंत मशीन लागली तर पुरा होईल, नायतर सगळा पाणी."

"आणि मग होड्या?"

"त्या काय थांबतात? पलीकडच्या बंदरात जातील बरफ भरायला. एकदा गेल्या की तिकडच्याच होतात." मग बोट उचलून म्हणाले, "पण एक सांगतो. घरगुती नको. गेल्या साली एकाने मला तारा गुंडाळून देलेलं, तीन दिवसात पेटलं. मुंबईचा असेल तरच दे."

"मुंबईचाच," मी म्हटलं. "उद्या दुपारी दोनपर्यंत पार्सल येईल."

त्या संध्याकाळी हरेश्वरने जळक्या बोर्डावरून रेघा कॉम्प्युटरवर उतरवल्या. कापलेल्या प्रिंटरवर हे आमचं पहिलं खरं काम. त्याआधी नुसत्या चाचण्या केल्या होत्या, आडव्या रेघा, उभ्या रेघा, चौकटी. सगळ्या सुरेख आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी हातात घेतली, एकवीस मुद्दे वाचले आणि एकवीस खुणा केल्या. दहा वाजता हरेश्वर आत पाटी घासत होता आणि बाहेर रघुकाका डबा घेऊन हजर झाले.

"काका, पार्सल दोनला आहे."

"माहीत हाय. घरी बसून काय करू? बरफ नाय, काम नाय." त्यांनी स्टूल उचललं आणि बरोबर पडद्याला खेटून ठेवलं. "इकडं वारा बरा लागतो."

त्या दिवशी असा पाऊस होता की वारा सगळीकडेच लागत होता.

आत प्रिंटर सुरू झाला. तो खर्रर्र करतो, थांबतो, परत खर्रर्र करतो. काकांनी मान तिरकी केली.

"बिलं छापतोय," मी म्हटलं.

थोड्या वेळाने भट्टीचा वास. "शेजारी कुणीतरी काहीतरी तळतंय." मग ड्रिल. भोकं साठाच्या वर होती. "वरती दातांचा दवाखाना आहे," मी म्हटलं. हे खरं होतं. काकांनी छताकडे बघितलं. "कुणाचे तरी लय दात किडलेले दिसतात."

मध्येच आत हरेश्वर खोकला. काकांनी डबा उघडला, मला सुक्या बोंबलाची चटणी दिली आणि भाकरी खात बसले.

पावणेदोनला आतून दोन टकटक झाल्या. ही आमची खूण, मुद्दा अठरा. हरेश्वर धुऊन भट्टीत वाळवलेला बोर्ड खोक्यात घालून, रेनकोटाखाली धरून मागच्या दाराने निघाला, गल्लीला वळसा घालून समोरून आला. चिंब भिजला होता, धापाही टाकत होता, तेवढा अभिनय त्याला जमतो.

"ताई, पार्सल. गाडी लेट होती."

मी कात्री घेऊन खोका उघडला, शक्य तितक्या सावकाश. काकांनी माझ्या आधी हात घालून पाटी उचलली.

"बाय, हा गरम हाय."

"गाडीत इंजिनाजवळ ठेवला असेल."

"आन हरेश्वर एवढा भिजला, खोका कोरडा."

"रेनकोटात धरलेला," हरेश्वर म्हणाला.

काकांनी चष्मा नाकावर ओढला आणि पाटी डोळ्यांपाशी नेली. "ह्या एसनं तोंड का फिरवलंय?"

मी पाटी घेतली. एच सरळ होता, तो उलटा झाला तरी सरळच दिसतो. एस मात्र उलटा होता, पुढची सगळी अक्षरंही उलटी. अक्षरं उलटी म्हणजे रेघा उलट्या. सगळा बोर्ड आरशात बघितल्यासारखा छापला गेला होता. डाव्या पायाला जायची वीज उजव्या पायाला गेली असती.

मी पडद्याआड जाऊन यादी बघितली. मुद्दा नऊ: 'चित्र उलटं न करता छापणे.' समोर माझी ठसठशीत खूण.

हा मुद्दा इस्त्रीच्या काळातला. इस्त्रीत कागद पालथा पडतो, त्यामुळे चित्र शिक्क्यासारखं आपोआप उलटतं. नव्या प्रिंटरमध्ये काहीच पालथं पडत नाही, तेव्हा चित्र आधीच कॉम्प्युटरवर उलटून घ्यायला हवं. आडव्या-उभ्या रेघा उलट्या छापल्या तरी तशाच दिसतात, म्हणून चाचण्यांत कळलं नाही. प्रिंटर आल्यावर मी यादीत सात मुद्दे वाढवले होते. जुना एकही काढला नव्हता. स्टोअर्समध्ये मला शिकवलं होतं, नोंदीतून काही खोडायचं नाही, खोडलंच तर एकच रेघ, तारीख, सही आणि साक्षीदाराची सही. तिथे साक्षीदाराला बोलावायचा कंटाळा, म्हणून कोणी काहीच खोडत नसे. मीही इतकी वर्षं काही खोडलं नव्हतं, आणि वर त्याचा अभिमान बाळगला होता.

बाहेर आले तर हरेश्वर काकांना सांगत होता, "काका, ते एक्स्पोर्टच्या मालाला असंच असतं."

"गप," मी म्हटलं. "काका, हा बोर्ड मुंबईचा नाही. इथलाच आहे. मघाशी आत छापला. आणि माझ्या चुकीने उलटा छापला गेला."

काका शांतपणे म्हणाले, "ठाव हाय. आतून खोकला तो हरेश्वर. मग भायेरून आला तो पण हरेश्वर."

"मग बोलला का नाहीत?"

"मी म्हटलं, बघू तरी, ही बाय पार्सल कशी आणते."

हरेश्वर हसायला लागला. मला हसू येत नव्हतं. घड्याळात दोन वाजून गेले होते, आणि काकांनी घरगुती नको म्हणून सांगितलेलं मला चांगलं आठवत होतं. "तुम्हाला राग आला असेल तर..."

"राग मागून येईल. आधी बरफाचं बोल. परत छापायला किती वेळ?"

"तीन तास. पण या मापाची कोरी पाटी उरलेली नाही. उद्या दुपारी येईल." मग बोलून टाकलं, "ती मात्र खरोखर मुंबईहून येते."

यावर काका पहिल्यांदा हसले. मग पाटी परत हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवू लागले. मला वाटलं, आता उठतील.

"आमच्या होडीवर नाव घालतात ना," ते म्हणाले, "पत्र्याचा साचा असतो, अक्षरं कापलेला. एका साली रंगाऱ्याने साचा पालथा लावला. नाव सगळं उलटं. माझा बा म्हणाला, आतून वाचलं तर सरळ हाय."

असं म्हणून त्यांनी पाटी पालथी करून ट्यूबलाइटसमोर धरली. फायबर पिवळट, अर्धपारदर्शक. पलीकडची अक्षरं त्यातून दिसत होती: एच. एस. रिव्हिजन फोर. सगळी सरळ.

हरेश्वरचं हसणं थांबलं. "ताई, पार्ट दुसऱ्या बाजूने बसवू. तांब्याच्या बाजूने. मग सगळे पाय बरोबर पडतात."

"डाग कुठे देणार? पार्ट तांब्यावरच बसला तर खाली हत्यार शिरणार नाही."

"उचलून बसवतो. स्टुलावर बसवल्यासारखे."

पडद्यामागचं मोठं टेबल लागणार होतं आणि उजेडही. मी पडदा दांडीवरून काढला आणि घडी करून खुर्चीवर ठेवला. रघुकाका आत आले, कापलेल्या प्रिंटरभोवती एक फेरी मारली, त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवला. "ह्याची तर फाडलेल्या मुशी माशासारखी गत केलीस रे."

चिप लवकर बसल्या. रिलेंनी, म्हणजे यंत्राचे भाग चालू-बंद करणाऱ्या डब्यांनी, छळलं. त्यांचे पाय आखूड, उचलले की तांब्याला पोचत नाहीत. मी तारेचे सारख्या मापाचे तुकडे कापून दिले, हरेश्वरने प्रत्येक पायाला एकेक जोडपाय लावला. काका वर दिवा धरून उभे. जाळं विणताना पोरांना ओरडतात तसे ते हरेश्वरला ओरडत होते, "घाई नको, गाठ सुटंल." हरेश्वर म्हणाला, "काका, दिवा हलतोय." "दिवा नाय, मी हलतोय. सकाळपासून बसलोय."

साडेचारला बोर्ड उभा राहिला. दिसायला भयंकर होता, जिराफांचा कळप असावा तसा. मी वीज दिली. पहिला रिले वाजला, टक. कॉम्प्रेसरआधी पाण्याचा पंप लागायला हवा, म्हणून मध्ये थोडा वेळ. दुसरा, टक. मग तिसरा.

"तीन," काका म्हणाले. "माझ्या मशीनला तीनच लागतात."

मी यादी काढली, मुद्दा नऊवर पट्टी धरून एकच रेघ मारली, तारीख घातली, सही केली आणि पेन काकांपुढे केलं. "साक्षीदार म्हणून."

त्यांनी सावकाश सही केली. मग यादी वरपासून वाचायला लागले. "आन हा एक नंबर? गिऱ्हाईकाला पडद्याआड येऊ न देणे. मी मग कोण, पावणा?"

मी त्याच्यावरही रेघ मारली. त्यांनी तिथेही सही केली.

बाहेर पाऊस तसाच होता. बोर्ड गुंडाळायला बुडबुड्यांचं प्लास्टिक मी घेणार तोच काकांनी खुर्चीवरचा पडदा उचलला. "ह्यात बांध. जाड हाय." हरेश्वर तो घेऊन काकांच्या टेम्पोतून बंदरावर गेला. सहाला फोन आला. कोणी बोललं नाही, नुसता कॉम्प्रेसरचा आवाज. बराच वेळ. मग काका म्हणाले, "ऐकलंस?" आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या त्यांच्याच बंदरातून बर्फ भरून सुटल्या.

मला वाटलं, आता किनाऱ्यावर आमचं नाव होणार. एकाने दुसऱ्याला सांगितलं की बर्फाचे सगळे कारखाने येतील. त्या आशेवर मी दारावर नवी पाटी लावली: 'बोर्ड येथे बनतात.' वर्षभर किनाऱ्यावरून एकही माणूस आला नाही. काका रागावले असणार, असं मी धरून चालले. राग मागून येईल, असं तेच म्हणाले होते.

पुढच्या हंगामाच्या आधी बोर्ड तपासायला म्हणून मीच गेले. काका बर्फाच्या टाकीपाशी पलीकडच्या बंदरातल्या एका कारखानदाराशी बोलत होते. त्यांच्या मागे भिंतीवर कंट्रोलची पेटी होती, आणि पेटीसमोर दोन खिळ्यांना बांधलेला माझा जांभळा पडदा. पाहुण्याने पडद्याला हात लावला तसा काकांनी त्याचा हात धरला.

"तिकडं नाय जायचं. नाजूक काम हाय."

"वरीस झालं, एकदा पण बंद नाय पडली तुमची मशीन. बोर्ड बनवला कुणी?"

काकांनी मला बघितलं होतं. त्यांनी पापणीही लववली नाही.

"मुंबईहून मागवला," ते म्हणाले. "बोईसरला कुठं असलं काय मिळतं?"